झडपेची वेळ : मोट, तेल-एंजिन आणि मोटार

यंत्रांचा इतिहास लिहिणारे आपले लेखक यंत्र कोणी आणले, कोणत्या साली आणले आणि त्यामुळे कोणाचा धंदा बुडाला वा तरला, ह्यांची नोंद सहसा चोख ठेवतात. यंत्राच्या पोटात जो एक क्षण नेमका साधावा लागतो, त्या क्षणाच्या इतिहासाकडे मात्र क्वचितच कोणी वळतो. प्रस्तुत लेखात अशाच एका क्षणाचा विचार करावयाचा आहे. वेगवान मोटारींच्या काही एंजिनांत झडपांच्या उघडमिटीच्या दोन पद्धती असतात, एक मंद गतीसाठी व दुसरी तीव्र गतीसाठी. एंजिनाने विशिष्ट गती गाठली की पहिली सुटते आणि दुसरी लागते. ही दुसरी पद्धती नेमकी केव्हा लागावी, कारखान्याने ठरविलेली वेळ मागेपुढे करावी काय, आणि केल्यास हाती काय येते, हा मोटारींच्या शौकिनांत अनेक वर्षे चालत आलेला वाद आहे. भाषेच्या अभ्यासकाने ह्या वादात पडण्याचे कारण काय, असे वाचक विचारतील. कारण दुहेरी आहे. हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही, आणि परकाही नाही. शिवाय तो सोडविण्यासाठी जो भेद करावा लागतो तो आपल्या कारागिरांच्या बोलीने आधीच करून ठेवलेला आहे, असे माझे मत आहे.

आरंभ कोल्हारपासून करतो, कारण झडपेशी माझी पहिली ओळख तेथे झाली. नगर-मनमाड मार्गावर प्रवरेच्या काठी वसलेले हे गाव बाहेरच्यांस भगवतीच्या देवळामुळे ठाऊक असते. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, कालव्यांचे पाणी प्रवराकाठी खेळू लागले, आणि १९५०-५१ साली जवळच लोणी येथे सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम झाला. तेव्हापासून ह्या पट्ट्याची ओळख ऊसाचा मुलूख अशी आहे. परंतु कालवा आला तरी विहीर सुटली नाही. कालव्याचे पाणी पाळीने मिळते, ऊसाची तहान पाळी पाहत नाही. म्हणून विहिरीवर आधी मोट, मग तेलावर चालणारे एंजिन आणि शेवटी विजेची मोटर असा क्रम सर्वत्र दिसतो. ह्या क्रमातील पहिल्या दोन पायऱ्या आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

मोटेचे वर्णन ग्रामीण जीवनावरील लेखनात पुष्कळ आढळते. तिच्या सोंडेचे काम मात्र फार थोड्यांनी नीट पाहिलेले असते. मोटेला दोन दोर. जाड नाडा मोटेच्या तोंडाला बांधलेला, तो वरच्या चाकावरून जातो. दुसरा बारीक दोर सोंडेच्या टोकाला बांधलेला. त्यास कोठे सोल म्हणतात, कोठे सोंदूर. तो खालच्या आडव्या लाटेवरून जातो. दोन्ही दोर एकाच जुवाला जोडलेले असल्यामुळे बैल धावेवरून उतरू लागले की दोन्ही एकाच गतीने ओढले जातात. मोट वर येईपर्यंत सोंड दुमडून उभी राहते, म्हणून पाणी सांडत नाही. मोट काठाशी आली की तोंड वरच्या चाकाकडे चढत राहते आणि सोंड मात्र खालच्या लाटेवरून थारोळ्याकडे आडवी होते. त्या क्षणी पाणी सुटते. कोणी हात लावीत नाही, कोणी हाक देत नाही. हा क्षण दोन दोरांच्या लांबीतील फरकाने ठरतो. बारीक दोर लांब झाला तर सोंड लोंबून पाणी वाटेतच विहिरीत पडू लागे. आखूड झाला तर मोट पुरती वर येण्यापूर्वीच सोंड ओढली जाई. चांगला मोटकरी दोराची गाठ बोटभर सरकवून ही वेळ जमवीत असे.

सोंड ही एक झडपच आहे, आणि गाठ सरकविणे हे झडपेची वेळ जुळविणेच आहे. मात्र ही जुळवाजुळव मोट थांबवून करावयाची असते. एकदा बैल धावेला लागले की ठरले ते ठरले. बैल हळू चालोत की जोरात, पाणी सुटण्याची जागा तीच. यंत्रशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर मोटेची वेळ स्थिर आहे. आणि बैलांच्या चालीत फारसा फरक नसल्याने तिला ती पुरतेही.

एंजिनाची गोष्ट येथेच निराळी होते. ऑटोने १८७६ साली सिद्ध केलेल्या चार धावांच्या एंजिनात दट्ट्या खाली जाताना हवा आत येते, वर येताना दाबली जाते, पेटलेल्या मिश्रणाने दट्ट्या खाली ढकलला जातो आणि पुन्हा वर येताना जळका वायू बाहेर पडतो. पाठ्यपुस्तकात झडपा दट्ट्याच्या टोकाच्या स्थानी उघडतात व मिटतात असे सोयीसाठी दाखवितात. प्रत्यक्षात तसे करणारे एंजिन चालेल, पण धापा टाकीत. कारण हवेला वजन आहे, आणि वजन असलेली वस्तू हलावयास वेळ घेते व थांबावयासही वेळ घेते. मिनिटास १,००० फेरे घेणाऱ्या एंजिनात दट्ट्याची एक धाव सेकंदाच्या सुमारे ३० सहस्रांशांत होते. ८,००० फेऱ्यांवर तीच धाव चार सहस्रांशांहूनही कमी वेळात उरकते. तीव्र गतीत आत घुसलेला हवेचा लोट दट्ट्या तळाशी पोचून परत फिरला तरी आत येतच राहतो. म्हणून प्रवेशझडप तळानंतर पन्नाससाठ अंश उघडी ठेवली तर सिलिंडर अधिक भरतो. तीच झडप मंद गतीत तितकीच उशिरा मिटली तर लोटाला जोर नसल्याने आत आलेली हवा दट्ट्या पुन्हा बाहेर ढकलून देतो. एकाच एंजिनाला सकाळी गावातून व दुपारी घाटातून जावयाचे असेल, तर त्याच्या झडपांची कोणतीही एकच वेळ दोन्हीकडे थोडी चुकीची असणार.

विहिरीवरच्या एंजिनाला ही अडचण नव्हती. सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांनी १९२२ साली उभारलेल्या कारखान्याची आणि खडकी येथे १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्सची एंजिने महाराष्ट्रभर विहिरींवर चालली. ती दिवसभर एकाच गतीने चालत, आणि त्या गतीला योग्य अशी वेळ कारखान्यातच दातेरी चाकांवर खुणा करून ठरविलेली असे. एंजिन खोलून परत जुळविताना मेकॅनिक खुणेला खूण लावी आणि ‘टायमिंग बसले’ म्हणे. तेवढे पुरे.

तथापि ह्या स्थिर एंजिनातही दिवसातून एकदा झडपेची वेळ बदलावी लागे, ती चालू करताना. डिझेल एंजिनात हवा इतकी दाबली जाते की हाताने हँडल मारून तो दाब ओलांडणे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. म्हणून माथ्यावर एक खटका असतो. तो उचलला की झडप किंचित उघडी राहते, दाब तयार होत नाही व चाक सहज फिरते. चाकाने पुरेसा वेग घेतला की खटका सोडावयाचा; झडप आपल्या नेहमीच्या वेळी मिटू लागते, जड चाकात साठलेला वेग दट्ट्याला दाबापलीकडे नेतो, तापलेल्या हवेत तेल पेटते आणि एंजिन बोलू लागते. वाचकांच्या ध्यानी आले असेल की येथे झडपेच्या दोन पद्धती आहेत, एकीतून दुसरीत जाण्याचा एक क्षण आहे, आणि तो क्षण चाकाच्या गतीवर अवलंबून आहे. खटका लवकर सोडला तर चाक दाबाला अडून थबकते, प्रसंगी हँडल उलट मारते. फार उशिरा सोडला तर हात भरून येतात आणि मिळत काहीच नाही.

मी सात-आठ वर्षांचा असताना कोल्हारला चुलत्यांच्या विहिरीवर हा खटका सोडण्याचा मान मला मिळे. हँडल अर्थातच चुलत्यांच्या हाती. पहिल्या दिवशी मी घाई केली आणि चाक गचका खाऊन थांबले. चुलते रागावले नाहीत, म्हणाले, “चाक फिरू दी बाळा, मंग सोड. तुला कळंल.” कधी सोडावयाचे ह्याचा आकडा त्यांनी सांगितला नाही, कारण आकडा त्यांच्यापाशी नव्हताच. चाकाचा आवाज बदलतो तो ओळखावयाचा होता. तीन दिवसांत मला तो ओळखू आला. पुढे विजेची मोटर आली आणि ह्या ज्ञानाचा उपयोग संपला.

गती पाहून झडपेची वेळ बदलण्याची कला मोटारींपेक्षा पुष्कळ जुनी आहे, हे सांगण्यासाठी रेल्वेचा थोडा उल्लेख करणे भाग आहे. वाफेच्या एंजिनात वाफ सिलिंडरमध्ये किती वेळ शिरू द्यावयाची हे ठरविणारी, ‘स्टीफन्सनची’ म्हणून ओळखली जाणारी जोडणी १८४२ साली प्रचारात आली. बेल्जियममधील वाल्शार्ट्सची १८४४ साली. ह्यांमुळे चालत्या गाडीत ड्रायव्हरला ती मर्यादा बदलता येऊ लागली. स्टेशन सोडताना धावेच्या सुमारे तीनचतुर्थांश भागापर्यंत वाफ आत सोडावयाची. गाडीने वेग घेतला की तो भाग हळूहळू कमी करीत पाचव्या हिश्श्यापर्यंत आणावयाचा आणि उरलेली धाव वाफेच्या प्रसरणावर काढावयाची. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. त्याच्यावरचे बेलापूर स्टेशन कोल्हारच्या लोकांना जवळचे. म्हणजे हाताने दर फेरीत बदलली जाणारी झडपेची वेळ ह्या परिसरातून एकोणिसाव्या शतकातच रोज ये-जा करीत होती. उत्तम ड्रायव्हर ओळखण्याची एक खूण कोळशाचा खर्च ही होती, आणि तो खर्च ह्या एका दांड्यावरील हातावर पुष्कळसा अवलंबून असे.

मोटारीत हा हात नाहीसा झाला. अगदी आरंभीच्या पेट्रोल एंजिनांत प्रवेशझडप दट्ट्याच्या ओढीनेच उघडे, म्हणजे तिची वेळ गतीबरोबर आपोआप थोडीफार हले. परंतु गती वाढताच अशी झडप मागे पडू लागते, म्हणून ती लौकरच टाकून देण्यात आली. त्यानंतर कॅमशाफ्टवरच्या उंचवट्याने झडपेला जी वेळ घालून दिली ती दीर्घकाळ अचल राहिली. शर्यतीच्या गाडीला शर्यतीचा कॅम, घरच्या गाडीला घरचा. शर्यतीचा कॅम घातलेली गाडी सिग्नलला उभी राहिली की आचके देते, कारण मंद गतीत तिच्या दोन्ही झडपा फार काळ एकत्र उघड्या राहतात. ही तडजोड मोडण्याचे श्रेय उत्पादनातील गाड्यांपुरते १९८० सालच्या आल्फा रोमिओ स्पायडरला दिले जाते. तिच्यात कॅमशाफ्ट स्वतःभोवती काही अंश फिरवून प्रवेशझडपेची वेळ सरकविली जाई. होंडाने १९८९ साली इंटेग्रा गाडीत निराळा मार्ग काढला. तेथे झडपांच्या प्रत्येक जोडीसाठी तीन कॅम असतात: कडेचे दोन ठेंगणे, मधला उंच. मंद गतीत कडेचे काम करतात, मधला नुसताच हलत राहतो. ठरलेली गती आली की तेलाच्या दाबाने एक खिटी सरकते, तिन्ही रॉकर एकत्र जखडले जातात आणि झडपा मधल्या कॅमचे ऐकू लागतात. १.६ लिटरच्या ह्या एंजिनाने १६० अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरमागे शंभर. अतिभारक पंख्याच्या साहाय्याशिवाय रस्त्यावरच्या गाडीत हा आकडा त्या काळी असामान्य होता. ‘व्हीटेक’ हे नाव आपल्याकडे ह्या शतकाच्या आरंभी होंडा सिटीवर आले व तरुणांच्या तोंडी रुळले.

आता मूळ वादाकडे वळू. खिटी केव्हा सरकावी?

दोन कॅमांची दोन एंजिने आहेत अशी कल्पना करावी. प्रत्येकाचा टॉर्क, म्हणजे फिरविण्याची ओढ, गतीनुसार आलेखावर काढावी. ठेंगण्या कॅमची रेघ आधी उंच असते आणि पुढे उतरते. उंच कॅमची आधी खाली असते व पुढे चढते. कोठेतरी त्या एकमेकींना छेदतात. दोन्हीकडे इंधन व ठिणगी योग्य असेल तर बदलाची उत्तम वेळ तीच, अन्य नाही. छेदनबिंदूच्या आधी बदलले तर वरच्या रेघेवरून खालच्या रेघेवर उतरलो. नंतर बदलले तर मधला काळ खालच्या रेघेवर काढला. ह्यात मताला जागा नाही. छेदनबिंदू कोठे आहे एवढेच मोजून पाहावयाचे, आणि हवेची वाट वा एक्झॉस्ट बदलला असेल तर पुन्हा मोजावयाचे, कारण मग दोन्ही रेघा हलतात. कारखान्याने दिलेला आकडा कारखान्यातून निघालेल्या एंजिनासाठी असतो.

तरीही कित्येक शौकीन हा आकडा वर नेऊन ठेवतात. का? बदल उशिरा केला की तोपर्यंत ओढ पडत जाते आणि खिटी सरकताच एकदम वर उडी मारते. पाठीला धक्का बसतो, आवाज पालटतो, गाडीत काही संचारल्यासारखे वाटते. छेदनबिंदूवर बदल केला तर दोन्ही ओढी समान असल्यामुळे काहीच जाणवत नाही. मनुष्याच्या शरीराला ओढीपेक्षा ओढीतला फरक अधिक कळतो. म्हणून ज्या गाडीत बदल जाणवतो ती जलद वाटते, आणि ज्या गाडीत जाणवत नाही ती वस्तुतः जलद असते.

ह्याचा हिशेब गिअर बदलताना उघडा पडतो. समजा दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.९० आणि तिसऱ्याचे १.३६ आहे. मिनिटास ८,००० फेऱ्यांवर गिअर बदलला तर एंजिन सुमारे ५,७२५ फेऱ्यांवर येऊन पडेल. बदलाची वेळ ५,५०० वर असेल तर उंच कॅम लागलेलाच राहील. ती ६,००० वर नेली असेल तर गिअर टाकताच एंजिन ठेंगण्या कॅमवर घसरेल, पावणेतीनशे फेरे तेथेच रखडेल आणि मग पुन्हा धक्का देईल. चालकाला दोन धक्के मिळतात व तो प्रसन्न होतो.

आकडा खाली नेण्यातही धोके आहेत, ते निराळे. खिटी तेलाच्या दाबाने सरकते आणि तेलाचा दाब गतीबरोबर वाढतो. फार खाली ती अर्धवट शिरण्याचा संभव असतो. तेल थंड असता हा बदल होऊच नये अशी व्यवस्था कारखान्यातच केलेली असते. एंजिनावरचा भार आणि गाडीचा वेग हेही पाहिले जातात. दुसरे, दोन्ही कॅमांसाठी इंधनाचे व ठिणगीचे तक्ते वेगळे असतात. केवळ खिटीची वेळ बदलणारे उपकरण बाहेरून जोडले आणि तक्ते तसेच ठेवले, तर उंच कॅम अधिक हवा घेतो, इंधन मात्र जुन्या हिशेबाने येते. मिश्रण विरळ होते आणि दट्ट्याचे माथे तापते. तिसरी एक बारकाई ठेवावी लागते. लागण्याचा व सुटण्याचा आकडा एकच असता कामा नये. लागणे ५,५०० वर असेल तर सुटणे दोनशे फेरे खाली ठेवतात, नाहीतर चढावर एंजिन त्याच गतीभोवती घुटमळले की खिटी सारखी आतबाहेर करीत राहते. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत कॅमशाफ्ट अखंड सरकत राहते, त्यामुळे असा एक क्षणच उरलेला नाही. दुचाकींत मात्र तो अजून सापडतो. यामाहाच्या २०१८ साली आलेल्या १५५ घनसेंटिमीटरच्या आर-१५ मध्ये प्रवेशझडपांचा कॅम ७,४०० फेऱ्यांवर बदलतो, आणि बदलला की समोरच्या पाटीवर ‘व्हीव्हीए’ ही अक्षरे उमटतात.

भाषेसंबंधी जे म्हणावयाचे ते येथे म्हणतो. आपल्या परिभाषाकारांनी एंजिनाच्या अवयवांना उत्तम नावे दिली. १९७६ साली निघालेल्या मराठी विश्वकोशाच्या पहिल्या खंडात अंतर्ज्वलन-एंजिनावर नोंद आहे. दट्ट्या, झडप, संयोगदांडा, प्रचक्र हे शब्द विश्वकोशी मराठीने स्थिर केले. परंतु परिभाषा बहुतांशी नामांची झाली. यंत्र जुळविणाऱ्याला क्रियापदे लागतात, आणि ती त्याने स्वतःच आणली. नाम इंग्रजी, क्रियापद मराठी: टायमिंग ‘बसविणे’, टॅपेट ‘वाजणे’, गिअर ‘लागणे’, क्लच ‘सोडणे’, पिकअप ‘घेणे’. ह्यांतील निवड यदृच्छेने झालेली नाही. स्थिर वेळ ‘बसते’, जशी घडी बसते. हाताने साधलेला क्षण सकर्मक असतो: खटका मी ‘सोडतो’. यंत्राने स्वतः ठरविलेला क्षण अकर्मक होतो: गिअर ‘लागला’, व्हीटेक ‘लागले’. कर्ता कोठे गेला हे व्याकरणच सांगते. वाफेच्या एंजिनावरचा ड्रायव्हर आणि विहिरीवरचे माझे चुलते सकर्मक वाक्यात बोलत. व्हीटेकचा आकडा बदलू पाहणारा शौकीन कितीही चुको, त्याची धडपड पुन्हा त्या वाक्याचा कर्ता होण्याची आहे, आणि ती मला उपहासास्पद वाटत नाही.

दुसरी जोडी अधिक मोलाची आहे: ‘ओढ’ आणि ‘झटका’. चढावर दमणाऱ्या गाडीबद्दल मेकॅनिक ‘गाडी ओढत नाही’ असे म्हणतो. ‘झटका देत नाही’ असे म्हणत नाही. उलट गाडी झटके देते म्हटले की ते दोषाचे वर्णन होते, मग तो दोष कार्ब्युरेटरमधल्या कचऱ्याचा असो की क्लचच्या झिजेचा. बोलीने ओढ ही गुणाच्या बाजूला व झटका हा दोषाच्या बाजूला ठेवला आहे. आलेखावरच्या दोन रेघा काढून जे सिद्ध करावे लागते ते ह्या दोन शब्दांच्या वाटणीत आहेच. जाहिरातीच्या भाषेने मात्र ही वाटणी उलटविली आणि झटक्यालाच शक्तीचे नाव दिले.

ह्या लेखाची टिपणे काढीत असता पुण्यातील एका गॅरेजमध्ये मी काही दुपारी बसलो होतो. एका जुन्या व्हीटेक गाडीच्या तरुण मालकाने बदलाचा आकडा मूळच्यापेक्षा सातशे फेऱ्यांनी वर नेऊन घेतला होता आणि गाडी वरच्या गतीला ‘ओढत नाही’ अशी त्याची तक्रार होती. मिस्त्रींनी गाडी डायनोवर चढविली, दोन्ही कॅमांवर स्वतंत्र फेरी घेतली, कागदावर रेघा काढल्या आणि जेथे त्या छेदल्या तेथे आकडा आणून ठेवला. तो कारखान्याच्या आकड्याहून थोडासाच खाली निघाला. गाडीने त्या दिवशी पूर्वीपेक्षा स्पष्ट अधिक ओढ दाखविली. कागद मी स्वतः पाहिला. आठवड्याने मालक परत आला. म्हणाला, “काका, गाडी चांगली चालते, पण ते लागलेलं कळतच नाही.” मिस्त्रींनी त्याला कागद पुन्हा दाखविला. त्याने तो लक्षपूर्वक पाहिला, मान डोलावली, आणि तरीही आकडा वर करून द्या म्हणाला. मिस्त्रींनी करून दिला. मजुरी दोन्ही वेळा घेतली.